भात लावणारे हात आणि आपले ताट

‘भात’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. शेतात लोंब्या घेऊन उभे असते तेही भात आणि ताटात वाफाळत वाढले जाते तेही भात. मध्ये गिरणीतून निघतो तो तेवढा तांदूळ. शब्द एकच असला तरी शेतातल्या भातापासून ताटातल्या भातापर्यंतचा रस्ता आपल्या समाजाला फार लांबचा पडला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांच्या खाचरात कंबर मोडेपर्यंत रोपे लावली, त्यांच्या घरात भात शिजायचा तो सणाला, पाहुणा आला तर किंवा आजाऱ्याला पथ्य म्हणून. एरवी भाकरी, नाहीतर कण्या. आज चित्र उलटे झाले आहे. रेशनच्या पिशवीतून तांदूळ घरोघरी येतो, दोन्ही वेळा भात शिजतो आणि भाकरीच सणासुदीची होऊ लागली आहे. हा बदल नीट समजून घ्यावा, त्यातले आपल्या भल्याचे कोणते आणि तोट्याचे कोणते याचा हिशोब मांडावा, म्हणून हा लेख.

एका जिल्ह्यात दोन मुलूख

आपला कोल्हापूर जिल्हा म्हणजे पाण्याच्या हिशोबाने दोन वेगळे मुलूखच. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला गगनबावडा. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे यावे तर तो पाचशे-सहाशेवर येतो. म्हणून शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हा भाताचा पट्टा झाला आणि पूर्व भाग शाळू, गहू, हरभऱ्याचा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, ताम्रपर्णी या नद्यांच्या खोऱ्यांत सखल जागी भाताची खाचरे आणि वरच्या वरकस जमिनीवर नाचणा, वरी, अशी जुनी रीत. त्यातली सखल, पाणथळ, कसदार खाचरे कोणाची आणि वरची मुरमाड वरकस कोणाची, हे कोणत्याही गावचा सातबारा उघडला की कळते. ते आम्ही वेगळे सांगायला नको.

रोहिणी ते दिवाळी

आपल्याकडचे भात म्हणजे खरिपाचे पीक. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी नक्षत्र निघते, तेव्हा कोरड्या, भुसभुशीत रानात कुरीने पेरणी करतात. हीच धूळवाफ पेरणी. बियाणे मातीत पडून राहते आणि मृगाच्या पावसाने उगवून वर येते. जिथे पाऊस दांडगा तिथे लावणीची पद्धत. आधी छोट्या जागेत तरवा टाकायचा, तो वीस-पंचवीस दिवसांचा झाला की खाचरात पाणी धरून चिखल करायचा आणि रोपे उपटून लावायची. हे काम आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या नक्षत्रांत चालते. पुनर्वसूला आपली माणसे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा.

इथे एक खुलासा करतो. नक्षत्राचे नाव निघाले की आपली तरुण मुले, हे पंचांग कशाला म्हणून नाक मुरडतात. कुंडली आणि मुहूर्त यांना आपला विरोध आहेच. पण पावसाची नक्षत्रे सूर्याच्या वार्षिक प्रवासावर मोजलेली आहेत, म्हणून ती दर वर्षी जवळपास त्याच इंग्रजी तारखांना येतात. मृग ७-८ जूनला आणि आर्द्रा २१-२२ जूनला. अक्षरओळख नाकारलेल्या शेतमजुराची ती तोंडपाठ दिनदर्शिका होती. ग्रहांना भिणे वेगळे आणि ऋतू ओळखणे वेगळे.

पुढे भांगलण, खताची मात्रा, मग सप्टेंबरात पोटरी आणि फुलोरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मळणी. हळव्या जाती १०० ते ११५ दिवसांत हाताला येतात, गरव्या जातींना १४०-१५० दिवस लागतात. जुन्या गरव्या वाणांचा एक गुण असा की दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ते फुलावर येतच नाहीत. पेरणी चार दिवस मागेपुढे झाली तरी लोंबी बाहेर पडते ती ठरल्या वेळेलाच. आजऱ्याचा घनसाळ हा आपल्या मातीतला असाच जुना सुवासिक तांदूळ. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आजरा भागाबाहेर पिकलेल्या तांदळाला ते नाव लावून विकता येत नाही. आज मात्र बहुतेक रानात दिसतो तो इंद्रायणी. मावळातल्या वडगाव संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आय.आर. ८ या दोन वाणांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित झाला. आय.आर. ८ म्हणजे फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये काढलेला बुटका वाण. खत घातले तरी लोळत नाही, म्हणून त्याने आशियाभर उत्पन्न वाढवले. आपल्या ताटातल्या चिकट, सुवासिक भाताचे एक मूळ मावळात आणि दुसरे थेट मनिलाजवळ आहे.

दुसरीकडे तीन हंगाम, आपल्याकडे एक का?

बंगालात भाताचे तीन हंगाम मानतात. औस, आमन आणि बोरो. तमिळनाडूच्या कावेरी खोऱ्यात कुरुवै, सांबा, ताळडी ही तिघांची नावे. आपल्या महाराष्ट्रातही भंडारा-गोंदियाकडे तलाव आणि कालव्यांच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतात, कोकणात ओलीच्या जागी वायंगण घेतात. मग आपल्याकडे एकच हंगाम का?

पहिले कारण थंडी. भाताचा फुलोरा २० अंशांच्या खाली गारठला की दाणा भरत नाही, पळींज होतो. ३५ अंशांच्या वर तापला तरी तेच. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आपल्याकडे फुलोरा आणून चालत नाही. दुसरे कारण पाणी, आणि ते पाणी कोणाकडे वळले हे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले आणि ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. धरणाच्या पाण्याने जिल्हा सुखी झाला, पण ते पाणी प्रामुख्याने उसाला गेले. ऊस वर्षभर रान अडवतो, कारखान्याकडून एकरकमी पैसा येतो, म्हणून पुष्कळ खाचरांत आज ऊस उभा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात चूक नाही. पण मजुराच्या दृष्टीने पाहा. भाताच्या लावणीला, भांगलणीला, कापणीला बायका लागत. कापणीनंतर भाताच्या रूपात मजुरी घरात येई. उसाच्या तोडीला बाहेरच्या टोळ्या येतात. खाचर गेले तेव्हा भूमिहीन बाईच्या हातचे हंगामी काम आणि घरातली कणगी दोन्ही गेली.

लावणीच्या बायका

भातशेतीत नांगर आणि चिखलणी पुरुषाकडे, रोप काढणे आणि लावणे बाईकडे, ही वाटणी आजही फारशी बदललेली नाही. अंगावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, गुडघाभर चिखल आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली कंबर. लावणीच्या गाण्यांचे कौतुक रेडिओवर पुष्कळ झाले. त्या गाणाऱ्या बायकांच्या पायांच्या बोटांमधल्या चिखल्यांचे कौतुक कोणी केले नाही. आम्ही वस्त्यांतून फिरतो तेव्हा जुलै-ऑगस्टात प्रत्येक दुसऱ्या घरात हीच तक्रार ऐकतो. म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो.

घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांमधली जागा कोरडी पुसावी आणि खोबरेल लावावे. भेगा किंवा जखम असेल तर गमबूट घातल्याशिवाय खाचरात उतरू नये. कारण दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खाचरातल्या पाण्यात येतात आणि जखमेतून अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर अंगारा-धुपारा करू नये, मेडिकलमधली गोळी घेऊन चार दिवस काढू नयेत. सरकारी दवाखान्यात जाऊन, ‘आम्ही चिखलात काम करतो’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. वेळेत औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊन माणूस जातो.

मातेऱ्यापासून मालकीपर्यंत

वतनाच्या काळात आपल्या माणसांचा भाताशी संबंध काय होता? गावकीची सगळी कामे करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागायचे. मालकाच्या मर्जीने चार पेंढ्या मिळत आणि रास उचलल्यावर खाली उरलेले माती-खड्यांचे मातेरे झाडून न्यायला मिळे. ते निवडून, कांडून जे निघे ते घरचे धान्य. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा करून दिल्या. मुंबई इलाख्यात मात्र त्यासाठी बाबासाहेबांना १९२८ पासून विधिमंडळात भांडावे लागले आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ज्यांच्या नावावर आज पाच-दहा गुंठ्यांचे खाचर आहे, त्यांनी तो कागद कोणत्या लढाईतून आला हे मुलांना सांगावे.

भाताच्याच शेतीवरची दुसरी लढाई कोकणातली. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी ठरवले की खोताची जमीन कसायची नाही. पिकवायचे कुळाने आणि खंडात रास न्यायची खोताने, याला ते विटले होते. हा संप जवळजवळ सहा वर्षे चालला. कुळांनी उपासमार सोसली, करवंदे विकली, लाकूडफाटा विकला, पण खोताच्या खाचरात नांगर घातला नाही. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा काढला. त्या कुळांत आगरी होते, कुणबी होते, महार होते. भाताच्या राशीसाठी जाती बाजूला ठेवून माणसे एकत्र आली, हा इतिहास भाषणांत फार कमी येतो, म्हणून इथे सांगितला.

भाताचे आणि भगवान बुद्धांचे नाते तर घराच्या नावापासून सुरू होते. शुद्धोदन म्हणजे शुद्ध ओदन, शुद्ध भात. शाक्य हे शेती करणारे लोक. शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण लागले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून, शेताला पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून. युद्ध नको म्हणून सिद्धार्थाने घर सोडले, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले. भिक्खूंच्या चीवराला जे चौकोनी तुकडे जोडलेले दिसतात, ती मगधातल्या बांध घातलेल्या भातखाचरांची नक्कल आहे असे विनयात सांगितले आहे. म्हणजे ज्या चिखलात आपल्या आया राबल्या त्याचाच नकाशा संघाच्या अंगावर आहे.

रेशनचा हिशोब

आता ताटाकडे वळू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क ठरला. सुरुवातीला तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले. आम्ही हिशोबाची माणसे, म्हणून आकडा मांडून दाखवतो. महिन्याचे ५ किलो म्हणजे दिवसाचे १६६ ग्रॅम. त्यातून मिळते सुमारे ५८० कॅलरी उष्णता. कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला दोन हजारांहून अधिक लागते. म्हणजे रेशन ही पोटाची पाव भाकर झाली, उरलेली तीन चतकोर स्वतःच मिळवावी लागते. ‘फुकट खातात’ असे टोमणे मारणाऱ्यांना हा हिशोब सांगावा.

ज्यांच्याकडे दहा गुंठे खाचर आहे त्यांचाही हिशोब करू. हेक्टरी तीन टन भात धरले तर दहा गुंठ्यांत तीन क्विंटल भात होते. गिरणीत १०० किलो भाताला सुमारे ६७ किलो तांदूळ धरतात, म्हणजे दोन क्विंटल तांदूळ. पाच माणसांच्या घराच्या आठ महिन्यांच्या रेशनाइतके हे धान्य झाले. तेच भात २०२५-२६ च्या २,३६९ रुपये क्विंटल या हमीभावाने विकले तर ७,१०७ रुपये येतात. दोन क्विंटल चांगला तांदूळ दुकानातून आणायला किती पडतात, ते प्रत्येकाने आपल्या दुकानातला भाव घालून पाहावे. छोटे खाचर खंडाने देऊन किंवा पडीक टाकून शहरात राहणाऱ्या बांधवांनी तर नक्कीच पाहावे.

आणखी एक शंका महिला मंडळांच्या बैठकांत हमखास निघते. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात का? ते प्लास्टिक नाही. रेशनवर पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी झाली आणि २०२४ पर्यंत तो सर्वत्र पोचवण्यात आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाणे पाडतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. ते जरा पिवळट दिसतात, पाण्यावर तरंगतात. ते निवडून फेकले तर औषधच फेकल्यासारखे होते. फक्त घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भात खावा, पण कशाबरोबर?

पांढराशुभ्र, घासलेला तांदूळ श्रीमंतीचे लक्षण मानला गेला. पण पॉलिश करताना वरचा कोंडा जातो आणि त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसले की पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्याचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी हा रोग त्यातूनच उलगडला. त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आया उखळात कांडून जो लालसर तांदूळ काढत तो गरिबीचा नव्हता, गुणाचा होता. कोकण-चंदगडकडचा उकडा तांदूळही असाच. भात उकडून वाळवल्यावर कोंड्यातले सत्त्व दाण्यात उतरते.

तांदळात १०० ग्रॅमला सहा ते आठ ग्रॅम प्रथिने, ज्वारीत दहाच्या आसपास. लोह तर ज्वारीत तांदळाच्या कितीतरी पट. नाचण्यात कॅल्शियम इतके की तांदूळ त्याच्या जवळपासही येत नाही. शाळू आणि नाचणा ताटातून गेले आणि भात तेवढा राहिला, तेव्हा पोट भरले पण रक्त कमी झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. धान्य सगळ्यांना मिळत असताना तो वाढला, हे ध्यानात घ्या. आणि घरात शेवटी जेवणारी कोण, हेही ध्यानात घ्या. आमटी संपलेली असते, भात उरलेला असतो, तोच तिच्या वाट्याला.

म्हणून भगिनींनो, भात सोडा असे आम्ही म्हणत नाही. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे माप ठेवा. डाळ परवडत नसेल तर मसूर, मटकी, हुलगा चालेल. भातात जे प्रथिन कमी ते कडधान्यात असते, दोन्ही मिळून पुरे होते. तांदूळ दोनदाच धुवा आणि बेताच्या पाण्यात शिजवा, पेज काढली तर ती ओतून न देता प्या. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. दोन वेळांपैकी एक वेळ भाकरीची ठेवा. मधुमेह असणाऱ्यांनी ताटाचा पाव भाग भात, पाव भाग डाळ-अंडे-मासळी आणि अर्धे ताट भाजी असे करावे. अंडी, मटण, सुकी मासळी यांची लाज बाळगू नये. ते आपले जुने पौष्टिक अन्न आहे.

आणि सर्वांत सोपी, सर्वांत अवघड गोष्ट पुरुषांसाठी. आमटीचे पातेले पुढे ओढण्याआधी घरातल्या बाईचे ताट वाढून ठेवा, किंवा सगळ्यांनी एका पंगतीला बसा. समतेची सुरुवात सभेत होतेच, पण तिची परीक्षा रोज संध्याकाळी चुलीपुढे होते. जिच्या आईने खाचरात वाकून भात लावले, तिच्या ताटात निदान डाळीसकट भात पडावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.